पायी चालणारा, गाडी चालवणारा आणि रस्ता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या शाळांमध्ये, गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये आणि ज्येष्ठ नागरिक संघांच्या बैठकांमध्ये रस्ता सुरक्षेविषयी बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. प्रश्न विचारणाऱ्यांपैकी जवळजवळ प्रत्येक जण सकाळी गाडी चालवणारा आणि संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडणारा असतो, त्यामुळे ही उत्तरे एका बाजूला दुसऱ्याविरुद्ध उभे करण्यासाठी लिहिलेली नाहीत. मात्र चालक आणि पादचारी यांची जबाबदारी वाटून घ्यायची असली, तरी ती निम्मी-निम्मी होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्याची कारणे पुढे दिली आहेत.

रस्त्यावर पहिला हक्क कोणाचा, गाडीचा की पायी चालणाऱ्याचा?

झेब्रा पट्ट्यांवर तो पादचाऱ्याचा आहे. वाहन कसे चालवावे याविषयी केंद्र सरकारने २०१७ मध्ये जे नियम लागू केले, त्यांत हे स्पष्ट लिहिलेले आहे. जेथे सिग्नल नाही अशा झेब्रापाशी येताना चालकाने वेग कमी करावा, थांबावे आणि पायी चालणाऱ्यांना तसेच चाकाच्या खुर्चीवरून जाणाऱ्यांना आधी जाऊ द्यावे. पुढची वाहतूक तुंबलेली असेल आणि पट्टे ओलांडून पलीकडे जागा मिळण्याची शक्यता नसेल, तर पट्ट्यांवर गाडी नेऊन उभी करू नये, हेही त्याच नियमांत आहे. आपल्याकडे सिग्नलला उभी असलेली पहिली रांग बहुतेक वेळा थांबरेषेच्या पुढे, थेट पट्ट्यांवर असते आणि पादचारी दोन बंपरांच्या मधून अंग चोरत वाट काढतो. या प्रकाराची आपल्याला इतकी सवय झाली आहे की त्यात नियमभंग आहे हेच कोणाच्या लक्षात येत नाही.

पट्ट्यांखेरीज इतर ठिकाणी पादचाऱ्याने वाहतूक पाहून आणि वाहनांना अंदाज येईल अशा रीतीने रस्ता ओलांडावा, अशी अपेक्षा असते. परंतु कोणी चुकीच्या जागी रस्ता ओलांडत आहे, म्हणून त्याच्यासाठी वेग कमी करण्याची गरज नाही, असा अर्थ कोणताही कायदा आणि कोणतेही न्यायालय लावत नाही.

चूक दोघांकडूनही होते. मग जबाबदारी सारखी का नाही?

याचे कारण गाडीच्या वजनात आणि वेगात आहे. थोडे गणित येथे आवश्यक आहे, कारण रस्त्यावरचे बहुतेक वाद ते न मांडल्यामुळेच होतात.

ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे ८ मीटर पुढे जाते. समोर कोणी आल्याचे दिसणे, मेंदूने ते ओळखणे आणि पाय ब्रेकवर पडणे यांत सावध चालकालाही साधारण एक सेकंद लागतो. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरनिशी, गाडी थांबायला आणखी सुमारे ५ मीटर लागतात. म्हणजे एकूण १३ मीटर झाले. तीच गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने असेल, तर पाय ब्रेकवर पडेपर्यंतच ती जवळजवळ १४ मीटर पुढे गेलेली असते आणि पूर्ण थांबेपर्यंत २८ मीटर होतात. पहिली गाडी ज्या जागी पूर्ण थांबली, त्या जागी दुसऱ्या गाडीचा वेग अजून पूर्ण ५० चाच आहे. मधे जर एखादे शाळकरी मूल उभे असेल, तर पहिल्या चालकाच्या छातीत फक्त धस्स होते आणि दुसऱ्या चालकाचे उरलेले आयुष्य बदलते. पावसाळ्यात, गुळगुळीत झालेल्या टायरवर किंवा नजर मोबाइलवर असताना ही सगळी अंतरे वाढतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, मोटारीच्या पुढच्या भागाची धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका ताशी ५० वरून ६५ किलोमीटर वेगापर्यंत जाताना साडेचार पटींनी वाढतो. एवढ्या फरकाने शहरातल्या शहरात आपण किती मिनिटे वाचवतो, याचा हिशेब प्रत्येक चालकाने एकदा स्वतःच्या रोजच्या रस्त्यावर करून पाहावा, कारण पुढच्या सिग्नलला सगळे पुन्हा एकत्र येतात.

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. २०२३ मध्ये एकूण मृत्यू १,७२,८९० झाले आणि पादचाऱ्यांचे ३५,२२१, म्हणजे पाचांत एकाहून थोडे अधिक. पादचारी चुकला तर बहुधा त्याचाच जीव जातो, चालक चुकला तरीही बहुधा पादचाऱ्याचाच जातो. ज्याच्या हातून अधिक हानी होऊ शकते त्याने अधिक सांभाळावे, हे तत्त्व आपण विजेच्या, गॅसच्या आणि यंत्रांच्या बाबतीत निमूट मान्य करतो. रस्त्यावर मात्र ते मान्य करताना आपण कुरकुरतो.

झेब्रावर थांबलो तर मागचा हॉर्न वाजवतो, किंवा येऊन धडकतो. अशा वेळी काय करावे?

ही भीती खरी आहे, म्हणूनच एकदम ब्रेक दाबून थांबू नये. पट्टे दुरून दिसत असतात. तीस-चाळीस मीटर आधी पाय ॲक्सिलरेटरवरून उचलावा आणि ब्रेक दोन-तीनदा हलकासा दाबावा, म्हणजे मागच्याला लाल दिवा दिसतो आणि त्याचाही वेग आपोआप कमी होतो. मागचा हॉर्न वाजवत राहिला तर तो त्याच्या अधीरपणाचा आवाज आहे, असे समजून शांत बसावे. हॉर्नमुळे अजून कोणाचे हाड मोडलेले नाही.

समोरची गाडी थांबली, चालकाने हातही केला. मग रस्ता ओलांडायला हरकत काय?

या प्रश्नावर मी नेहमी जरा जास्त वेळ घेतो, कारण तो आमच्या घरातला आहे.

माझी आत्या त्या वेळी सदुसष्ट वर्षांची होती. दुभाजकापाशी उभी राहून ती फुटपाथच्या दिशेने येण्याची वाट पाहत होती. झेब्राचे पट्टे अर्धे पुसट झाले होते, पण होते. एक मोटार थांबली आणि आतल्या गृहस्थांनी हाताने ‘या’ अशी खूण केली. आत्याने त्यांना मान डोलावून आभार मानले, मोटारीसमोरून ती पुढे आली आणि मोटारीच्या डाव्या कडेच्या पलीकडे तिचे पाऊल पडले, त्याच क्षणी मोटार आणि फुटपाथ यांच्या मधल्या पट्टीतून एक दुचाकी वेगाने पुढे आली. दुचाकीस्वाराला मोटार का थांबली आहे हे दिसलेच नव्हते आणि आत्याला मोटारीच्या आडची दुचाकी दिसली नव्हती. तिचे मनगट दोन ठिकाणी मोडले. रस्त्यावर पसरलेली मेथी गोळा करायला जे हात पुढे आले, त्यांत सगळ्यात आधी त्या मोटारवाल्या गृहस्थांचे होते आणि ते पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत होते, की मी त्यांना या म्हणालो. त्यांच्या चांगुलपणात काही कमी नव्हते. दुचाकीस्वारही घाबरून थरथरत उभा होता, पळाला नव्हता.

यातून तिघांसाठी तीन गोष्टी निघतात. चालकाने थांबावे, पण दुसऱ्याच्या वतीने ‘या’ असा निर्वाळा देऊ नये, कारण शेजारच्या पट्टीवर, म्हणजे लेनवर, त्याचा ताबा नसतो. आरशात मागून कोणी येताना दिसले तर खिडकीतून हात बाहेर काढून त्याला थांबण्याची खूण करावी. पादचाऱ्याने थांबलेल्या गाडीची कड आली की क्षणभर थबकून, मान पुढे काढून पलीकडची पट्टी पाहावी आणि मगच पुढचे पाऊल टाकावे. एका गाडीचे थांबणे म्हणजे त्या एका पट्टीचे थांबणे, एवढेच धरून चालावे. आणि मागून येणाऱ्याने, विशेषतः दुचाकीस्वाराने, झेब्रापाशी थांबलेली गाडी दिसली की तिच्यापुढे माणूस आहेच असे समजावे. ती गाडी बंद पडली असेल, हा विचार नंतर करता येतो.

पादचारी सिग्नलचा हिरवा माणूस आम्ही अर्ध्यात असतानाच लुकलुकू लागतो. मागे फिरावे का?

फिरू नये. लुकलुकणारा हिरवा माणूस म्हणजे नव्याने कोणी रस्त्यात उतरू नये आणि जे उतरले आहेत त्यांनी पलीकडे पोहोचावे. अर्ध्यातून परत फिरणाऱ्याचा अंदाज कोणालाच येत नाही, म्हणून ते अधिक धोक्याचे असते.

वेळ अपुरा पडतो ही तक्रार मात्र खरी आहे आणि तिचा हिशेब सोपा आहे. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असे धरतात. चार पट्ट्यांचा (लेनचा) १४ मीटर रुंदीचा रस्ता त्या चालीने १२ सेकंदांत पार होतो. गुडघेदुखीचा त्रास असलेली व्यक्ती सेकंदाला ०.८ मीटर चालत असेल, तर तिला १७ सेकंदांहून अधिक लागतात. म्हणजे कागदावर बरोबर असलेला सिग्नल तिला शेवटच्या पट्टीत एकटी सोडतो. आपल्या चौकात असे होत असेल, तर सलग चार-पाच वेळा घड्याळ लावून सेकंद मोजावेत आणि ते आकडे वाहतूक शाखेकडे लेखी द्यावेत. ‘वेळ कमी आहे’ या तक्रारीपेक्षा ‘१४ मीटरला ११ सेकंद मिळतात’ ही तक्रार बाजूला सारणे कठीण असते.

पादचाऱ्याची स्वतःची जबाबदारी नेमकी कोणती?

मला ती दोन शब्दांत सांगावीशी वाटते. आपण दिसले पाहिजे आणि आपला अंदाज आला पाहिजे.

दिसण्याविषयी आधी. उभ्या असलेल्या बसच्या पुढून कधीही रस्ता ओलांडू नये, कारण बसच्या पलीकडून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही आणि बसच्या उंच आसनावरून चालकालाही अगदी पुढ्यातला माणूस, त्यातही मूल, दिसेलच असे नाही. बस निघून जाऊ द्यावी. पहाटे फिरायला जाणारे ज्येष्ठ नागरिक बहुतेक करड्या किंवा निळ्या स्वेटरमध्ये असतात. हिवाळ्यात साडेपाचच्या अंधारात ते गाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. फिकट रंगाचा सदरा, हातात लहान टॉर्च किंवा सायकलवाले वापरतात तसा चमकणारा पट्टा एवढ्यानेही मोठा फरक पडतो.

अंदाजाविषयी असे, की रस्ता सरळ रेषेत, न पळता आणि थांबलेल्या गाडीची कड सोडून इतरत्र न थबकता ओलांडावा. हात वर करून गाड्यांच्या मधोमध घुसण्याची सवय अनेकांना आहे. हात दाखवणे योग्यच आहे, परंतु तो गाडी दूर असताना दाखवावा आणि चालकाने वेग कमी केल्याचे दिसल्यावर पाऊल टाकावे. हातात ब्रेक नसतो. कानात इअरफोन घालून आणि नजर पडद्यावर ठेवून रस्त्यात उतरणारा पादचारी चालकाकडून अशी सावधगिरी मागत असतो, जी तो स्वतः ठेवायला तयार नसतो. येथे मी पादचाऱ्याची बाजू घेऊ शकत नाही.

पादचारी पूल आणि भुयारी मार्ग असताना लोक दुभाजकावरून उड्या का मारतात?

दुभाजकावरून उडी मारणे धोक्याचे आहे आणि ते करू नये. पण ‘लोकांना शिस्त नाही’ एवढ्यावर उत्तर संपवणे मला मान्य नाही. चाळीस-पन्नास पायऱ्या चढून तेवढ्याच उतरणे, तेही सामान घेऊन, मूल कडेवर घेऊन किंवा काठी टेकत, हे ज्याने करून पाहिले आहे त्याला पूल ओस का पडतात ते कळते. भुयारी मार्गात दिवे नसतील आणि पाणी साचलेले असेल, तर संध्याकाळी सातनंतर एकटी स्त्री तेथे उतरणार नाही. तिने उतरावे असे तिला सांगण्याचा अधिकारही मला वाटत नाही.

पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज ते स्वारगेट मार्गावर जलद बससेवेचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा बसथांबे रस्त्याच्या मधोमध आले. बस पकडायची तर रस्ता ओलांडणे आलेच. अशा ठिकाणी माणूस सर्वांत जवळच्या वाटेनेच जाणार, हे गृहीत धरूनच ओलांडण्याची सोय करावी लागते. जेथे गर्दी रोज एकाच जागेवरून रस्ता ओलांडते, तेथे लोकांनी पायांनी नकाशा काढून दिलेला असतो. त्या जागी उंचावलेला झेब्रा, सिग्नल आणि मध्ये थांबण्यापुरती सुरक्षित जागा करणे, हे पुलापेक्षा स्वस्तही असते आणि अधिक वापरलेही जाते. मोठ्या आणि वेगवान महामार्गावर मात्र पूल किंवा भुयारी मार्गाला पर्याय नाही, तेथे तो शोधूनच ओलांडावे.

फुटपाथ नसेल किंवा अडवलेला असेल, तर कोणत्या बाजूने चालावे?

फुटपाथ असेल तर कोणत्याही बाजूच्या फुटपाथवरून चालता येते. नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने चालावे. ‘डावीकडून चला’ हे आपल्या अंगवळणी पडलेले असले, तरी डावीकडून चालताना गाड्या पाठीमागून येतात आणि आपल्या हाती फक्त कानांचा आधार उरतो. आंधळ्या वळणावर मात्र जेथून दोन्ही बाजूंना आपण दिसू, ती कड धरावी.

महाराष्ट्रात या प्रश्नाला वारीचा आणि पदयात्रांचा फार मोठा संदर्भ आहे. आषाढीच्या पालख्यांसोबत पोलिसांचा बंदोबस्त असतो आणि वाहतूक वळवलेली असते. कार्तिकीला निघणाऱ्या लहान दिंड्या, शिर्डीला किंवा सप्तशृंगी गडावर पायी जाणारे गट यांना ते संरक्षण मिळतेच असे नाही आणि ते अनेकदा अंधारात, चालत्या महामार्गावरून जात असतात. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातून पंढरपूरला निघालेल्या दिंडीत सांगोला तालुक्यातील जुनोनीजवळ एक मोटार घुसली आणि सात वारकरी गेले. दिंडीच्या व्यवस्थापकांना माझी कळकळीची विनंती आहे, की सूर्यास्तानंतर चालणे शक्य तेवढे टाळावे. टाळता येत नसेल, तर सर्वांत मागे चालणाऱ्या दोघा-तिघांच्या अंगावर चमकपट्ट्यांची जाकिटे आणि हातात मागे दिसणारा लाल दिवा असावा, दिंडीसोबतच्या वाहनाचे इंडिकेटर चालू ठेवून ते मागे ठेवावे आणि चारचारच्या ओळी मोडून कडेने दोनदोनच्या ओळीत चालावे. आणि चालकांनी, त्या दिवसांत त्या रस्त्यावर टाळ-मृदंगाचा आवाज काचेच्या आत पोहोचत नाही, हे लक्षात ठेवून गाडी हाकावी.

फुटपाथवरून दुचाकी येते. पायी चालणाऱ्याने बाजूला व्हावे का?

जीव वाचवण्यासाठी व्हावे, हक्क म्हणून होण्याची गरज नाही. फुटपाथवर वाहन चालवण्यास नियमानेच मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये असे स्पष्ट केले, की अडथळामुक्त आणि अपंग व्यक्तींनाही वापरता येईल असा पदपथ मिळणे, हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. हा आदेश ज्या याचिकेत आला, ती कोइमतूरचे अस्थिशल्यचिकित्सक डॉ. एस. राजसीकरन यांनी २०१२ मध्ये दाखल केली होती. अपघातात मोडलेली हाडे वर्षानुवर्षे जोडणाऱ्या माणसाने ती मोडूच नयेत म्हणून न्यायालयात जावे, याचे मला फार मोल वाटते.

फुटपाथ अडवणाऱ्यांत लोक हातगाडीवाल्याकडे प्रथम बोट दाखवतात. माझ्या पाहणीत आमच्या भागातले मोठे अडथळे दुकानांच्या वाढवलेल्या पायऱ्या, उभ्या केलेल्या मोटारी, विजेच्या पेट्या, खोदाईनंतर तसाच पडलेला राडारोडा आणि दर दहा पावलांवर बंगल्याच्या फाटकासाठी दिलेला उतार हे आहेत. निवासी भागातही किमान १.८ मीटर रुंदी मोकळी असावी आणि फुटपाथची उंची १५० मिलिमीटरहून अधिक नसावी, असे रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. फूटभर उंचीचा फुटपाथ ज्येष्ठांना चढता येत नाही आणि मग ते रस्त्यावरून चालतात.

मुलांना काय शिकवावे, आणि कोणत्या वयात?

लहान मुलाला गाडीचा वेग आणि अंतर यांचा मेळ घालता येत नाही, म्हणून साधारण नऊ-दहा वर्षांपर्यंत वर्दळीच्या रस्त्यावर मोठ्या माणसाचा हात सुटू नये. हात धरतानाही मनगट धरावे, बोट धरलेले मूल झटक्यात सुटते. मूल फुटपाथच्या आतल्या बाजूला असावे. आणि आपण सिग्नल तोडून त्याला ओढत नेले, तर त्याला जे शिकवायचे ते आपण शिकवून मोकळे झालेलो असतो.

अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकांसाठी कायदा २०१९ पासून कठोर झाला आहे. पालक किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होऊ शकते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. ‘कोपऱ्यावरच तर जाऊन येतो’ हे वाक्य कायदा ऐकून घेत नाही.

चुकीच्या ठिकाणी रस्ता ओलांडणाऱ्याला दंड होतो का?

मोटार वाहन कायद्यात पादचाऱ्यासाठी वाहनचालकासारखी दंडांची यादी नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पादचारी आणि बिगरमोटार वाहनांच्या वावराविषयी नियम करण्याचा अधिकार राज्यांना कलम १३८ मध्ये दिला आणि असे नियम सहा महिन्यांत करावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. द्रुतगती मार्गांची गोष्ट वेगळी आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पायी जाण्यास बंदीच आहे आणि ती योग्य आहे.

अपघात झाला तर पहिल्या तासात काय करावे?

१०८ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करावा, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांकही आहे. मानेला किंवा पाठीला मार असण्याची शक्यता असेल, तर जखमीला ओढू किंवा बसवू नये. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे. पाणी पाजू नये.

चालकाने पळून जाऊ नये. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवणे हे त्याचे कायद्याने ठरवलेले कर्तव्य आहे. जमावाच्या मारहाणीची भीती खरोखर असेल, तर तेथून सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जावे.

मदत करणाऱ्यांना पोलिसांच्या फेऱ्यांची भीती वाटते, ती आता मनातून काढावी. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदतनीसांच्या संरक्षणाची तत्त्वे मान्य केली आणि पुढे मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले. जखमीला रुग्णालयात पोहोचवणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, त्याला अडवून ठेवता येत नाही आणि त्याच्याकडून उपचाराचे पैसे मागता येत नाहीत. गंभीर जखमीला पहिल्या तासात रुग्णालयात नेणाऱ्याला ‘राहवीर’ योजनेखाली २५ हजार रुपयांचे पारितोषिकही आहे. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख पैसे न भरता उपचार मिळू शकतात. दाखल करतानाच त्याविषयी विचारावे.

पादचाऱ्याचीही चूक असेल तर भरपाई मिळते का?

मिळते. दोघांचीही चूक असल्याचे सिद्ध झाले, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण चुकीचे प्रमाण ठरवते आणि भरपाई त्या प्रमाणात कमी करते. पण केवळ झेब्रा सोडून रस्ता ओलांडला म्हणून सगळा दोष पादचाऱ्यावर जात नाही. गाडीचा वेग, ब्रेकच्या खुणा, उजेड, रस्त्याची स्थिती हे सगळे पाहिले जाते. चूक कोणाची हे सिद्ध न करता ठरावीक रक्कम मागण्याचाही मार्ग आहे, त्यात मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. धडक देऊन पळालेल्या गाडीचा शोधच लागला नाही, तर प्रांताधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे अर्ज करून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळू शकतात. ही शेवटची तरतूद फार थोड्या कुटुंबांना ठाऊक असते, म्हणून ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना अवश्य सांगावी. दावा शक्यतो अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा.

शहरात योग्य वेग कोणता?

केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेने पालिका हद्दीतील रस्त्यांसाठी मोटारींना ताशी ७० आणि दुचाकींना ताशी ६० किलोमीटर ही कमाल मर्यादा घातली आहे. स्थानिक प्रशासनाला ती आणखी कमी करता येते. जेथे माणसे आणि वाहने एकाच रस्त्यावर मिसळतात, तेथे ताशी ३० ही मर्यादा असावी, असे रस्ता सुरक्षेवरील जागतिक परिषदेच्या फेब्रुवारी २०२० मधील स्टॉकहोम जाहीरनाम्याने सांगितले. शाळा, मंडई, रुग्णालय आणि बसथांबा यांच्या आसपास मी स्वतः ३० च्या वर जात नाही. वर दिलेले १३ आणि २८ मीटरचे गणित एकदा डोक्यात बसले, की पाय आपोआप उचलला जातो.

आमच्या चौकातले पट्टे पुसले गेले आहेत. तक्रार कोणाकडे आणि कशी करावी?

आधी रस्ता कोणाचा ते पाहावे. शहरातला असेल तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाकडे किंवा पथ विभागाकडे, गावाबाहेरचा असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, राष्ट्रीय महामार्ग असेल तर महामार्ग प्राधिकरणाकडे जावे. सिग्नलच्या वेळा आणि पार्किंग यांसाठी वाहतूक पोलिसांकडे. दाद लागली नाही, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला लिहावे. रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरवलेल्या सुरक्षा मानकांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरण, ठेकेदार किंवा सल्लागार यांना मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८ अ खाली एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या कलमाचा उल्लेख अर्जात जरूर करावा.

पुणे महापालिकेने २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळायला सुरुवात केली आणि त्या दिवशी लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद ठेवला. ज्या रस्त्यावर एरवी पाऊल टाकायला जागा नसते, तेथे आजी-आजोबा मधोमध खुर्च्या टाकून बसलेले पाहिले, की मागणी काय करायची हे कळते.

अर्ज मोघम नसावा. चौकाचे नाव, पट्टे किती फूट पुसले आहेत, सकाळी आठ ते नऊ या वेळेत किती शाळकरी मुले तेथून ओलांडतात याची मोजणी, सकाळचा एक आणि रात्रीचा एक असे दोन फोटो आणि परिसरातल्या दहा-पंधरा रहिवाशांच्या सह्या जोडाव्यात. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये. आत्याचा अपघात झाला त्या जागचे पट्टे आम्ही असेच, चार महिने आणि तीन आवक क्रमांक खर्ची घालून, पुन्हा मारून घेतले. ते पांढरे झाले त्या संध्याकाळी आत्या मनगटाला पट्टा बांधलेल्या हातानेच पिशवी घेऊन निघाली आणि मोटारीची कड आल्यावर थबकून, मान पुढे काढून, डावीकडे पाहूनच फुटपाथवर चढली.